भावाचं पान कुठवर पोचलं? लॉगिंगच्या कामाच्या नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

शनिवारी गोडाऊनवर जे झालं ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर चार दिवसांनी हे काम कशासाठी काढलं तेच विसरायला होईल.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या वेबसाइटवर रोज सकाळी कापसाचा भाव लागतो. हिंगणघाटच्या जिनिंगांमधून (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) फोन येतात, ऑपरेटर ताई आकडे भरतात आणि पान प्रसिद्ध होतं. शनिवारी ८:४० ला पहिली यादी लागली. १०:२० ला ताईंनी क्विंटलमागे ७५ रुपयांनी भाव उतरवला. बाराच्या सुमारास समुद्रपूरकडचे एक काका पिकअप भरून आले आणि नवा भाव ऐकून बिघडले. "म्या साडेअकराले पाह्यलं न बावा, गाडी भरतानी. जुनाच भाव होता." ताई म्हणाल्या, मी १०:२० लाच बदलला, हा पाहा इतिहास. वॅगटेलमध्ये (वेबसाइटची पानं भरायची-बदलायची आमची प्रणाली) पानाच्या प्रत्येक आवृत्तीची वेळ राहते, त्यामुळे ताई खऱ्याच. पण काकाही खोटं बोलणारे नाहीत. वीस क्विंटलचा माल, म्हणजे दीड हजाराचा प्रश्न. यंदा हमीभाव लांब धाग्याला ८११० आणि मध्यम धाग्याला ७७१०, खुला बाजार त्याच्या खाली, त्यात डिसेंबरअखेरपर्यंत कापसाचं आयात शुल्क माफ. अशात ७५ रुपये कोणालाच हलके नाहीत. वेबसाइट मी सांभाळतो, म्हणून संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एनजिनएक्स, म्हणजे वेबसाइटच्या दारात बसून मागितलेलं पान पोचवणारा प्रोग्राम, त्याचा साधा ॲक्सेस लॉग (मागण्यांची आपोआप लिहिली जाणारी नोंदवही) आहे. अमक्या वेळी अमकं पान मागितलं एवढं त्यात कळतं. कोणती यादी पाठवली आणि ती फोनपर्यंत पूर्ण गेली का, हे त्यात नाही.

तर काम असं: भावाच्या पानाचा रिस्पॉन्स (सर्व्हरने पाठवलेलं उत्तर) गेला की त्यानंतर एक ओळ लिहायची. 'नंतर' महत्त्वाचं, कारण लॉगसाठी पान हळू झालेलं मला चालणार नाही. इथे आधीच टॉवरची एक काडी येते नि जाते.

मांडणी, पुढे कामी येईल म्हणून: वॅगटेल, त्याखाली जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बांधायचा सांगाडा), ते चालवायला गुनिकॉर्न (दोन वर्कर, प्रत्येक जण एका वेळी एकच मागणी उरकतो), सर्वांच्या पुढे एनजिनएक्स. सर्व्हर मुंबईतला, भाड्याचा, एक जीबी मेमरीचा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वॅगटेलचा पान वाढण्याआधीचा (वाचणाऱ्याला देण्याआधीचा) हुक, म्हणजे आपला कोड अडकवायची जागा, आहे, पण तो नावाप्रमाणे आधीच चालतो. तो सोडला. पानाच्या मॉडेलमधली 'सर्व्ह' मेथड (पान द्यायचं काम करणारा कोड) ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी माझी घातली: आधी मूळ मेथड बोलवायची, ती रिस्पॉन्स देईल, मग लॉगची ओळ लिहायची आणि रिस्पॉन्स पुढे सोडायचा. दहा मिनिटांचं काम. वाटलं, झालं.

लॉगमध्ये पानाला लागलेला वेळ आला १४ मिलिसेकंद. ब्राउझर दाखवतो ३०० च्या वर. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा चहा ठेवून पाहिलं. तेच.

मग लक्षात आलं की वॅगटेलची सर्व्ह मेथड तयार पान देतच नाही. ती टेम्प्लेट रिस्पॉन्स देते, म्हणजे टेम्प्लेट (पानाचा साचा) आणि सामान एका पिशवीत घालून दिलेलं, अजून न शिजवलेलं. शिजवणं नंतर, जँगोच्या हँडलरमध्ये होतं. माझी ओळ चूल पेटायच्या आधीच लिहिली जात होती.

आणि यात वेळेपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. भावाच्या ओळी टेम्प्लेटमधल्या लूपमध्ये डेटाबेसमधून येतात, कारण जँगोची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) गरज पडेपर्यंत धावत नाही. म्हणजे मी लॉगमध्ये 'यादी ४११' लिहितोय, तेवढ्यात ताईंनी भाव बदलला, आणि शिजलेल्या पानात ४१२ चे आकडे. काही मिलिसेकंदांची फट आहे, पण उद्या हाच लॉग पुरावा म्हणून समोर ठेवायचा असेल तर फट नको.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कार्तिक पौर्णिमा. काम नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रात्री चुलतभावाशी बोललो. तो पुण्यात हेच काम करतो, शहरातल्या भल्यामोठ्या सर्व्हरांवर. त्याचं लगेच: "दादा, ट्रान्झॅक्शनचं ऑन-कमिट वापर न. कमिट झालं की चालतं, मंग तुझं नंतरच झालं."

तपासलं. आमच्याकडे प्रत्येक रिक्वेस्टला (पानाच्या मागणीला) ट्रान्झॅक्शनची सेटिंग चालू आहे, म्हणजे डेटाबेसमधले बदल एकगठ्ठा होतात आणि शेवटी 'कमिट' म्हणून पक्के होतात. पण जँगो त्या ट्रान्झॅक्शनमध्ये फक्त व्ह्यू (मागणीला उत्तर तयार करणारा कोड) गुंडाळतो. मिडलवेअर (येणारी मागणी आणि जाणारा रिस्पॉन्स ज्यांतून जातात ते मधले थर) त्याच्या बाहेर, आणि टेम्प्लेट रिस्पॉन्सचं शिजवणंसुद्धा बाहेर. जँगोच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय, मीच कधी नीट वाचलं नव्हतं. म्हणजे कमिट होतं तेव्हा पान तयारही नसतं. कमिटचा 'नंतर' डेटाबेसच्या बाजूचा आहे, रिस्पॉन्सशी त्याचं देणंघेणं नाही.

त्याला कळवलं. तो म्हणाला, "हाव, बरोबर आहे तुझं," आणि मग अर्धा तास सोयाबीनबद्दल बोलत बसला.

टेम्प्लेट रिस्पॉन्सला रेंडर झाल्यावर चालणारा कॉलबॅक जोडता येतो. तोही लावून पाहिला. पान शिजल्यावर ओळ येते, वेळ बऱ्यापैकी जुळते. पण ताट वाढलं आणि जेवण झालं यात फरक आहेच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज मिडलवेअर. वॅगटेलच्या जगात बहुतेक जण लॉग इथेच लावतात, आणि साध्या कामाला ते ठीकही आहे. घराच्या सर्वांत बाहेरच्या दारासारखं आहे हे: आत येणारा आधी तिथून येतो, बाहेर जाणारा शेवटी तिथून जातो. सेटिंगमधल्या यादीत जे मिडलवेअर सर्वांत वर, त्याला रिस्पॉन्स सर्वांत शेवटी दिसतो.

मी आधी माझं मिडलवेअर यादीत सर्वांत खाली टाकलं होतं, सवयीने. त्यामुळे जीझिप व्हायच्या (दाबून लहान व्हायच्या) आधीचा आकार लॉगमध्ये येत होता: ४१ केबी. वर नेल्यावर ९ केबी. फोनवर ९ च जातात. चूक छोटी, पण याच आकड्यावरून उद्या कोणी डेटाचा हिशोब मांडला असता.

तरीही मिडलवेअरमध्ये रिस्पॉन्स हातात आहे तोवर तो गेलेला नाही. स्ट्रीमिंग रिस्पॉन्स (तुकड्या-तुकड्यांनी जाणारा) असेल तर त्यातला मजकूर तयारसुद्धा नसतो. काट्यावर भरलेली गाडी चढली आणि आपण पावती फाडून मोकळे झालो, तसं. माल खाली करून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आल्याशिवाय निव्वळ वजन कसं निघणार?

साडेचारला लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकते. त्यात हे लिहिलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

जँगोमध्ये रिक्वेस्ट संपल्याचा सिग्नल आहे. रिस्पॉन्सचा 'क्लोज' बोलावला गेला की तो सुटतो, आणि क्लोज बोलावतो तो सर्व्हर, म्हणजे गुनिकॉर्न, मजकूर देऊन झाल्यावर. ही खरी 'नंतर'ची जागा. पण सिग्नल येतो तो रिकाम्या हाताने. कोणती रिक्वेस्ट, कोणता रिस्पॉन्स, काही सांगत नाही. फक्त हँडलरचा क्लास देतो. गाडी गेली एवढं सांगणारा चौकीदार, नंबर विचारला तर मान हलवतो.

यापेक्षा खालच्या थरात जावं असं ठरवलं. पायथनच्या वेब सर्व्हरांचा जो करार आहे, पीईपी ३३३३ (२०१० चा, त्याआधी २००३ चा ३३३), त्यात एक बारीक पण पक्का नियम आहे: ॲप्लिकेशनने परत दिलेल्या वस्तूला क्लोज मेथड असेल, तर रिक्वेस्ट संपताना सर्व्हरने ती बोलवलीच पाहिजे. रिक्वेस्ट नीट संपो, मध्येच एरर येवो, की समोरचा ब्राउझर बंद करून निघून जावो. म्हणजे जँगोच्या ॲप्लिकेशनभोवती एक पातळ वेष्टण घालायचं, आतल्या रिस्पॉन्सची प्रत्येक तुकडी तशीच पुढे द्यायची, आणि क्लोज आला की आधी आतल्याचा क्लोज बोलवून मग आपली ओळ लिहायची. रिक्वेस्टची सगळी माहिती वेष्टणाकडे असतेच.

वीस-बावीस ओळींत झालं. आतल्याचा क्लोज बोलवायला विसरलो होतो, त्यामुळे डेटाबेसची कनेक्शनं उघडी राहायला लागली. जँगो ती झाडझूड त्या सिग्नलवरच करतो. दुरुस्त केलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजची नोंद लांब होणार.

मला खात्री करायची होती की क्लोजमध्ये मी कितीही वेळ घालवला तरी वाचणाऱ्याला त्याची झळ बसत नाही. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर क्लोजमध्ये तीन सेकंद झोपायची ओळ घातली आणि कर्लने (कमांड लिहून पान मागवायचं साधन) पानं मागवली.

भावाचं पान: लगेच आलं. झोपेचा पत्ताही नाही. छान.

वर्षभराच्या भावांची सीएसव्ही (सदस्य उतरवून घेतात ती): आकडे भराभर आले, पण कर्ल शेवटच्या ओळीनंतर थांबून राहिलं. एक, दोन, तीन सेकंद. मग संपलं.

दोन्हींमागे तोच कोड, तोच सर्व्हर, आणि वागणं दोन तऱ्हेचं. जेवण गार झालं तरी उठलो नाही.

कारण सापडलं ते असं. भावाच्या पानाला जँगोचं कॉमन मिडलवेअर लांबीचं हेडर (मजकुराआधी जाणारी माहितीची ओळ) लावतं. एनजिनएक्सला आधीच माहीत असतं की इतके बाइट येणार. तेवढे आले की तो समोरच्याला 'पूर्ण' म्हणून मोकळा. सीएसव्ही स्ट्रीमिंग आहे, तिची लांबी आधी माहीत नसते. आमचा एनजिनएक्स गुनिकॉर्नशी एचटीटीपी १.० मध्ये (वेबच्या बोलीचं जुनं रूप) बोलतो, तीच आमच्या एनजिनएक्स आवृत्तीची मूळ सेटिंग. त्या भाषेत तुकड्या-तुकड्यांनी पाठवून शेवटी 'संपलं' म्हणायची सोय नाही. संपल्याची खूण एकच, सॉकेट (दोघांमधली जोडणी) बंद होणं. आणि गुनिकॉर्न सॉकेट बंद करतो तो आपला क्लोज उरकल्यावर. म्हणून माझी झोप थेट वाचणाऱ्याच्या अंगावर.

मग दुसरी चाचणी. तीन खिडक्यांतून एकाच वेळी भावाचं पान मागवलं. पहिल्या दोघांना लगेच, तिसऱ्याला तीन सेकंदांनी. कारण दोनच वर्कर, आणि दोघेही 'नंतरचं' काम करत झोपलेले. रिस्पॉन्स गेला म्हणून वर्कर मोकळा झाला असं होत नाही. सकाळी नऊ ते अकरा, अख्खा तालुका भाव पाहत असतो त्या वेळी हे झालं तर लॉगच्या पायी पान बंद पडल्यासारखं वाटेल.

खऱ्या लॉगला तीन सेकंद लागणार नाहीत, हे मान्य. फाइलमध्ये एक ओळ म्हणजे काहीच नाही. पण मूळ बेत डेटाबेसच्या टेबलमध्ये ओळ घालायचा होता, आणि टेबलला कुलूप लागलेलं असलं की काय होतं ते मी मागच्या हंगामात पाहिलंय. टेबलचा बेत इथेच सोडला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मोठ्या भावाच्या वावरात कापूस वेचणी चालू आहे. सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) दिवाळीआधीच झाली, आता दुसरा वेचा. फोन आणि लॅपटॉप घेऊन तिकडेच गेलो, कारण नेटवर्क मुद्दाम खराब हवं होतं आणि आमच्या वावरापेक्षा खराब नेटवर्क शोधायला कुठे जाऊ? वहिनी म्हणाली, "आले का कामाले? घ्या मंग झोळी." एक ओळ वेचून दिली, मग बांधावर बसलो.

गुलाबी बोंडअळीवरची सल्ला पुस्तिका पीडीएफमध्ये आहे, १.८ एमबी. वॅगटेल कागदपत्रं थेट देत नाही, परवानगी तपासायला जँगोमधून देतो, म्हणजे ती माझ्या वेष्टणातून जाते. फोनवर ती उतरवली. कामगंध सापळ्याचं चित्र दिसेपर्यंत पाऊण मिनिट गेलं.

माझ्या वेष्टणाच्या लॉगमध्ये: पूर्ण, ०.०६ सेकंद.

एनजिनएक्सच्या लॉगमध्ये: ४७ सेकंद.

दोन्ही लॉग आपापल्या जागी खरं बोलतात. गुनिकॉर्नने सगळा माल एनजिनएक्सच्या हवाली केला आणि हात झटकले. एनजिनएक्स मागून येणारं सगळं बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) घेतो, मेमरी पुरली नाही तर तात्पुरत्या फाइलमध्ये, आणि मग समोरच्याच्या चालीने सोडत बसतो. एरर लॉगमध्ये त्याची सूचनाही होती, रिस्पॉन्स तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवला म्हणून. तो इशारा मी वर्षभर नुसता सरकवत आलोय.

दुसऱ्यांदा उतरवताना मध्येच बंद केलं. माझ्या लॉगमध्ये पुन्हा 'पूर्ण'. एनजिनएक्समध्ये स्टेटस २०० (म्हणजे 'ठीक'), पण गेलेले बाइट सहा लाखांच्या आसपास, आणि पूर्णतेचं जे व्हेरिएबल आहे ते रिकामं. ४९९ येईल असं मला वाटत होतं. ४९९ येतो तो हेडर जायच्या आधी समोरचा निघून गेला तर. एकदा २०० लिहून गेलं की ते मागे घेता येत नाही. म्हणजे २०० वाचून 'पोचलं' म्हणणं चूक, बाइट आणि पूर्णता पाहावी लागते.

संध्याकाळी परत येताना पानठेल्यावर थांबलो. मागचा आठवडाभर मी 'नंतर' शोधत एकेक थर खाली उतरत होतो, सर्व्हपासून क्लोजपर्यंत. पण वाचणारा वरच्या बाजूला आहे. जँगोच्या आत मला मिळू शकणारा सर्वांत उशिराचा क्षणही काकांच्या फोनपासून पाऊण मिनिट लांब असतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आणि आज हे: भावाच्या पानाला एनजिनएक्समध्ये साठ सेकंदांची कॅश आहे, म्हणजे एकदा घेतलेलं पान तो तेवढा वेळ स्वतःच देत राहतो. मागच्या वर्षी मीच बसवली होती. सकाळच्या गर्दीत बहुतेक रिक्वेस्टी जँगोपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे सर्व्ह, कॉलबॅक, मिडलवेअर, सिग्नल, वेष्टण, यांतलं काहीही लावलं असतं तरी मिनिटाला एकच ओळ मिळाली असती, आणि मी खुशाल तिला 'लॉग' म्हणत बसलो असतो.

यावर जास्त लिहीत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ठरलं. जँगोमध्ये लॉगिंग नाही. जँगोचं काम एवढंच की कोणती यादी दिली ते रिस्पॉन्सच्या एका हेडरमध्ये लिहून ठेवायचं. लॉग एनजिनएक्स लिहील, कारण माल शेवटी त्याच्या हातातून जातो आणि कॅशमधला मालही त्याच्याच हातातून जातो. समोर पाठवलेल्या कोणत्याही हेडरची किंमत तो लॉगमध्ये घेऊ शकतो, कॅशमधून दिलं तरी, कारण हेडर पानासोबतच साठवलेलं असतं.

४ तारखेची ती फट आधी बुजवली. भावाच्या ओळी कॉन्टेक्स्टमध्ये (टेम्प्लेटला दिलेल्या सामानात) एकदाच काढून पक्की लिस्ट करून घेतो. टेम्प्लेट तीच लिस्ट छापतो आणि हेडरमधला यादी क्रमांक त्याच लिस्टमधून येतो. पान आणि क्रमांक आता वेगळे पडू शकत नाहीत.

वेष्टणाच्या बावीस ओळी पुसल्या. पुसताना थोडं वाईट वाटलं, चांगल्या उतरल्या होत्या.

लॉगच्या ओळीत घेतलेल्या गोष्टी: वेळ, पानाचा पत्ता, स्टेटस, गेलेले बाइट, पूर्ण झालं की नाही, एकूण वेळ, मागच्या सर्व्हरला लागलेला वेळ, कॅशमधून दिलं का, यादी क्रमांक. पूर्ण रिक्वेस्ट मुद्दाम घेतली नाही. एसएमएसमधून जाणाऱ्या लिंकमध्ये सदस्याचा मोबाइल नंबर मागे जोडलेला असतो, तो आजवर जुन्या लॉगमध्ये राजरोस पडत होता. आता प्रश्नचिन्हाच्या मागचं काही लिहायचं नाही, आयपीही नाही. वादात कोण खरं हे ठरवायला मला नंबर नको, यादी क्रमांक आणि वेळ हवी. जुने लॉग सोमवारी काढून टाकायचे. लिंकमधला नंबरही काढायचा, ते वेगळं काम.

एक गोष्ट मनासारखी झाली. आमच्या पानांचे पत्ते मराठीत आहेत. एनजिनएक्स एरवी लॉगमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराच्या तीन-तीन उलट्या तिरक्या रेषा आणि आकडे करून ठेवतो, 'कापूस' शोधायचं म्हटलं तरी डोळे दुखतात. लॉगचं एस्केपिंग (अक्षरं बदलून लिहायची रीत) जेसन करा म्हटलं की तो अक्षरांना हात लावत नाही. आता ओळीत सरळ '/भाव/कापूस/हिंगणघाट/' दिसतं. ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तं मलेही वाचता येते."

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता चढवलं. लॉग रिकामा. पान उघडून पाहतो, पान येतं, लॉग रिकामा. सेटिंग दोनदा वाचली, फाइलचे हक्क पाहिले. डिस्कवर सतत लिहायला नको म्हणून मीच ३२ केबीचं बफर लावलं होतं आणि ठरावीक वेळाने ओतायची सेटिंग घालायला विसरलो होतो. ३२ केबी भरेपर्यंत तो गप्प. पाच सेकंदांनी ओत असं सांगितल्यावर ओळी आल्या. पाऊण तास गेला.

जुने लॉग काढले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तीन दिवसांचा लॉग बसून वाचला. यादी बदलल्यावर जुना क्रमांक जास्तीत जास्त साठ सेकंद दिसतो, मग नवा. कॅश म्हणते तसंच. म्हणजे त्या शनिवारी ११:३० ला सर्व्हरने १०:२० च्या आधीची यादी दिली असणं शक्य नाही. मग काकांनी पाहिलं काय?

एक शंका अजून आहे. वावरातून मी भावाचं पानही उघडलं होतं. हातातल्या घड्याळाने सहा सेकंद लागले, एनजिनएक्स म्हणतो ०.०४. पान ९ केबीचं. एवढं छोटं पान एनजिनएक्स एका दमात ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये टाकतो आणि 'पाठवलं' म्हणतो. पुढे ते तारेवर कधी चढलं आणि टॉवरवरून कधी उतरलं हे त्याला कळत नाही. शिवाय त्याचं घड्याळ रिक्वेस्टचा पहिला बाइट वाचल्यावर सुरू होतं. त्याआधीचं नाव शोधणं, जोडणी, कुलूपकिल्लीची देवाणघेवाण, यातच खराब नेटवर्कवर अर्धा वेळ जातो, तो कुठेच मोजला जात नाही. पीडीएफसारख्या जड वस्तूचा वेळ खरा वाटतो, भावाच्या पानाचा नाही. आणि मला हवं होतं ते भावाच्या पानाचं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बीकन लावला. पान दिसलं की ब्राउझर एक छोटी चिठ्ठी मागे पाठवतो: यादी क्रमांक आणि पान उघडायला किती वेळ लागला. एनजिनएक्स २०४ ('मिळालं', मजकूर नाही) देतो, जँगोला हात लागत नाही, ओळ त्याच तऱ्हेच्या लॉगमध्ये. क्रमांक पानातच छापलेला असल्याने कॅशमधून आलेल्या पानालाही चालतं. चिठ्ठी आली तर यादी फोनवर दिसली हे नक्की. नाही आली तर काहीच सिद्ध होत नाही, नेट गेलं असेल, जुना ब्राउझर असेल. हे संचालकांना दोनदा सांगितलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काका आज आले होते. वादासाठी नाही, चुकारा (मालाचे पैसे) घ्यायला. मी म्हटलं, काका, फोन दाखवता का जरा? त्यांनी बंडीच्या खिशातून काढला, चष्मा लावला, ब्राउझर उघडला. भावाचं पान समोर होतं, आधीच उघडलेलं. वर बारीक अक्षरात 'अद्ययावत: सकाळी ८:४५'. तेव्हा घड्याळात १२:१० झाले होते. आज ताईंनी ११:०५ ला यादी बदलली होती.

लॅपटॉपवर लॉग चालू ठेवला आणि त्यांना म्हटलं, फोनचा स्क्रीन बंद करून पुन्हा उघडा. त्यांनी उघडला. पान तसंच, ८:४५. लॉगमध्ये एकही ओळ नाही. रिक्वेस्टही नाही, बीकनही नाही. सकाळी एकदा पान उघडलं, फोन खिशात ठेवला, गाडी भरताना पुन्हा काढला; ब्राउझरने मेमरीत होतं तेच समोर धरलं. आमच्या सर्व्हरला काही विचारलंच नाही. तीन आठवडे मी रिस्पॉन्सच्या नंतरची जागा शोधत होतो आणि इथे रिस्पॉन्सच नव्हता.

मग पान खाली ओढून ताजं केलं. नवी यादी आली. लॉगमध्ये ओळ पडली, पाठोपाठ बीकनची. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे म्या खोटं नव्हतो बोललो."

"नाही काका."

"अन् ते बाईही."

"त्याही नाही."

"मंग दीड हजार कोणाचे?"

हा प्रश्न संचालकांकडे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दोन बदल. 'अद्ययावत' ची ओळ भावाच्या आकड्याच्या लगेच वर, त्याच आकाराच्या अक्षरात. आणि पान पुन्हा समोर आलं की (खिशातून काढल्यावर, किंवा मागे जाऊन परत आल्यावर ब्राउझर जसंच्या तसं उभं करतो तेव्हाही) स्क्रिप्ट घड्याळ बघते. दहा मिनिटांपेक्षा जुनं असेल तर नवी यादी मागवते. नेट नसेल तर भाव फिका होतो आणि वर 'जुनी यादी, नेट आल्यावर पाहा' असं येतं. वहिनीच्या फोनवर वावरात करून पाहिलं. फिका झाला. बांधावरून विहिरीकडे चालत आलो तेव्हा काडी आली आणि आकडा गडद झाला.

बाकी: एसएमएसच्या लिंकमधून नंबर काढणं. सीएसव्हीची लांबी आधी काढता येते का ते पाहणं. लॉग महिन्यानंतर आपोआप काढून टाकण्याची सोय, फाइल बदलल्यावर एनजिनएक्सला ती नव्याने उघडायला सांगण्यासकट.